मापुचे : भूमीच्या माणसांचा वारसा

चिलीचा दक्षिण-मध्य भाग आणि अर्जेंटिनाचा नैर्ऋत्य प्रदेश ही मापुचे समाजाची पूर्वापार भूमी. त्यांच्या मापुदुंगुन भाषेत ‘मापू’ म्हणजे भूमी आणि ‘चे’ म्हणजे माणसे. स्पेनच्या सैन्याला या समाजाने दीर्घकाळ थोपवून धरले. १६४१ साली किलीन येथील वाटाघाटींत बिओबिओ नदीच्या दक्षिणेकडील त्यांची स्वायत्तता स्पेनला मान्य करावी लागली. मात्र स्वतंत्र चिलीने १८६१ ते १८८३ या काळात लष्करी मोहिमांद्वारे हा प्रदेश ताब्यात घेतला आणि मापुचे लोकांकडे जमिनीचा अल्पसा भागच उरला.

‘रुका’ हे त्यांचे पारंपरिक घर. लाकडी सांगाडा, गवताने शाकारलेले छप्पर, पूर्वेकडे दार आणि मधोमध विस्तव अशी त्याची रचना असते. स्वयंपाक, विणकाम आणि वडीलधाऱ्यांच्या कथा या विस्तवाभोवतीच चालतात. अँडीज पर्वतात राहणारे पेवेन्चे हे मापुचे समाजातीलच लोक. ‘पेवेन’ वृक्षाच्या बिया उकडून, भाजून किंवा दळून खाणे ही त्यांची जुनी रीत आहे. धुरावर सुकवलेली लाल मिरची, धणे आणि मीठ यांपासून केलेले ‘मेर्केन’ हे तिखट आता चिलीत सर्वत्र मिळते.

विणकाम ही प्रामुख्याने स्त्रियांची कला. लोकर कातून, वनस्पतींच्या रंगात रंगवून ती ‘विट्राल’ या उभ्या मागावर विणली जाते. ‘त्रारिवे’ हा कमरपट्टा आणि ‘माकुन’ ही अंगावर घ्यायची घोंगडी यांवरील नक्षी केवळ शोभेची नसते. परिधान करणाऱ्याचे समाजातील स्थानही ती सांगते. आई मुलीला ही कला शिकवते.

चांदीच्या अलंकारांची कथा मात्र निराळी आहे. गुरे आणि कापडाच्या व्यापारातून मिळालेली नाणी वितळवून कारागीर स्त्रियांसाठी भरघोस दागिने घडवीत. जमीन आणि गुरे गेल्यावर अनेक कुटुंबांना ते गहाण टाकावे किंवा विकावे लागले. त्यांतील बरेचसे आज संग्रहालयांत आहेत.

२०१७ च्या जनगणनेत चिलीतील १७ लाखांहून अधिक नागरिकांनी आपली नोंद मापुचे म्हणून केली. त्यांतील मोठा वर्ग सांतियागोसारख्या शहरांत राहतो. तेथे स्पॅनिशच्या वर्चस्वामुळे नव्या पिढीत मापुदुंगुन टिकवणे अवघड झाले आहे. २०२१ साली संविधान सभेच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या मापुचे भाषातज्ज्ञ एलिसा लोन्कोन यांनी सभेला प्रथम याच भाषेत अभिवादन केले. त्या सभेचा मसुदा २०२२ च्या सार्वमतात फेटाळला गेला. मात्र जूनमधील दक्षिणायनाच्या सुमारास येणारे मापुचे नववर्ष ‘वे त्रिपांतू’ ज्या दिवसांत साजरे होते, त्याच काळात चिलीत २०२१ पासून मूलनिवासींच्या सन्मानार्थ राष्ट्रीय सुट्टी असते.