गाडी तेल पिते? आधी मोजा, मग इंजिन उघडा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही एरवी बेणे प्रक्रिया, लागणीची वेळ, खोडव्याच्या बगला फोडणे असे विषय घेतो. यावेळचा विषय जरा बांधापलीकडचा आहे. पण गट कार्यालयात ऊस नोंदीला आलेले सभासद सातबारा टेबलावर ठेवता ठेवता हल्ली हाच विषय काढतात. "साहेब, गाडी लई तेल प्यायला लागली. मिस्त्री म्हणतोय काम काढा. पोरगं म्हणतंय, इंजिन आतून धुणारं तेल निघालंय, तेवढं घाला. कुणाचं ऐकायचं?"

आम्ही मोटार मेकॅनिक नाही. शेतकी पदविकेला अवजारे व यंत्रे हा विषय होता तेवढाच आमचा कागदोपत्री अधिकार. बाकीचे शिकलो ते वाहन विभागाच्या शेडमध्ये उभे राहून. तरी हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. वस्तीवरच्या माणसाला पंधरा-वीस वर्षांची गाडी ही चैन नसते. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर तीच. आणि इंजिनचे काम एकदा निघाले की उसाच्या बिलाचा हप्ता बँकेत पडायच्या आधीच खर्ची पडलेला असतो. म्हणून ते काम खरोखर लागणार आहे की नाही हे कळलेले बरे.

प्रथम तेल जाते कुठे ते पाहू. वाटा चारच आहेत. एक, बाहेर गळते. सील किंवा पॅकिंग गेलेले असते, गाडीखाली डाग पडतात. दोन, इंजिनातील वाफ ओढून घेणारा पीसीव्ही नावाचा लहानसा व्हॉल्व्ह तुंबतो, आत दाब वाढतो आणि तेल नको तिकडे ढकलले जाते. हा भाग स्वस्त असतो आणि म्हणूनच की काय, तो कोणी आधी बघत नाही. तीन, वरच्या हेडमधील व्हॉल्व्हचे रबरी सील कडक होतात आणि तेल खाली झिरपते. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी चालू केली की निळ्या धुराचा एक भपका येतो आणि मग धूर थांबतो, ही त्याची खूण. चार, पिस्टनच्या रिंगा. इथेच खरी गोम आहे.

पिस्टनला बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात. तिसरी, खालची, ही तेलाची रिंग. सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल खरवडून काढायचे आणि पिस्टनच्या खाचेतील बारीक भोकांतून परत खाली सोडायचे, एवढेच तिचे काम. तेल वेळेवर बदलले नाही, इंजिन वरचेवर तापले, किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटर चालवून उभी केली, की तेल करपून त्या खाचेत काळा थर बसतो. भोके बुजतात. रिंग खाचेत चिकटते, तिचा ताण जातो. मग खरवडायचे राहिलेले तेल वर जाऊन जळते.

ठिबक वापरणाऱ्या सभासदांना हे सांगावे लागू नये. ड्रीपरचे भोक क्षाराने बुजले म्हणून कोणी सगळी लॅटरल उपटून फेकत नाही. आम्ल प्रक्रिया करतो, पाणी नळ्यांत मुरू देतो आणि दुसऱ्या दिवशी शेवटची टोपणे उघडून घाण बाहेर काढतो. कारखान्यातही तेच. इव्हॅपोरेटरच्या बॉडीतील नळ्यांना आतून थर धरला की कॉस्टिक सोडा उकळून तो सैल करतात आणि मग ब्रश मारतात. मात्र नळीच फुटली असेल तर कॉस्टिकने ती सांधत नाही. इंजिन धुणाऱ्या तेलाचे अगदी असेच आहे. थर बसला असेल तर ते काढील. झिजलेले लोखंड काही भरून देणार नाही.

आता या तेलाविषयी. धुण्याचा गुण नवीन नाही. अमेरिकेतील एपीआय या संस्थेने तेलांच्या ज्या प्रती ठरवल्या, त्यांतील अगदी पहिली 'एसए', म्हणजे कोणतेही औषध न मिसळलेले नुसते खनिज तेल. त्यानंतरच्या तेलांत कॅल्शियम, मॅग्नेशियमची क्षारद्रव्ये असतात. ती घाण सुटी करतात. दुसरी द्रव्ये ती घाण तेलातच तरंगत ठेवतात, जेणेकरून तेल बदलताना ती बाहेर जावी. म्हणून बदललेले तेल लवकर काळे पडले की "तेल भेसळीचं निघालं" म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. ते आपले काम करीत असते. आज पेट्रोल गाडीच्या चांगल्या तेलाच्या डब्यावर 'एसएन' किंवा 'एसपी' ही अक्षरे दिसतात. 'एसएन' २०१० सालची, 'एसपी' २०२० सालची.

पण ही नेहमीची तेले घाण बसू नये म्हणून आहेत. वर्षानुवर्षे करपून बसलेला थर काढायला ती तोकडी पडतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत व्हॅल्व्होलिन कंपनीने 'रिस्टोअर अँड प्रोटेक्ट' नावाचे तेल काढले. २०२४ पासून तिकडे त्याची बरीच चर्चा आहे. सलग काही वेळा तेच तेल वापरले तर पिस्टनवर साठलेले थर 'शंभर टक्क्यांपर्यंत' निघतात, असे कंपनी सांगते. यातील 'पर्यंत' हा शब्द सभासदांनी नीट वाचावा. एकरी शंभर टनांपर्यंत उतारा सांगणारी उसाच्या औषधांची पत्रके आपण सर्वांनी वाचलेली आहेत.

तेलाची रिंग तुंबणे ही केवळ निष्काळजी मालकाची कहाणी नाही. टोयोटासारख्या नावाजलेल्या कंपनीच्या २.४ लिटरच्या '२एझेड-एफई' या पेट्रोल इंजिनात तोच त्रास निघाला. २००७ ते २००९ च्या कॅम्री गाड्यांत ते बसवलेले होते. २०११ साली कंपनीने अमेरिकेतील आपल्या डीलरांना लेखी सूचना काढली. तक्रार आली की आधी तेल भरून गाडी १,२०० मैल, म्हणजे सुमारे १,९३० किलोमीटर, चालवून आणायची. तेवढ्यात एक क्वार्टपेक्षा, म्हणजे जवळपास ९५० मिलिलिटरपेक्षा जास्त तेल गेले तरच पुढचे काम हाती घ्यायचे, आणि ते काम म्हणजे सुधारलेले पिस्टन व नव्या रिंगा. एवढी मोठी कंपनी, पण मोजल्याशिवाय इंजिन उघडायला तयार नाही. आपला मिस्त्री मात्र बॉनेट वर करायच्या आधीच निकाल देतो.

तेव्हा मोजणी. गाडी सपाट जागी, रोज त्याच जागी, उभी करावी. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे. गेजची पट्टी पुसून पुन्हा घालावी आणि मग वाचावी. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून मीटरचा आकडा वहीत लिहावा. पुढे जेवढे तेल घालाल तेवढे मापाने घाला आणि आकडा लिहा. हजार-दोन हजार किलोमीटरचा हिशेब हाती आल्याशिवाय "लई तेल पिते" या बोलण्याला अर्थ नाही. काही मोटार कंपन्या तर हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत तेल जाणे आपल्या पुस्तकात चालण्याजोगे धरतात.

हिशेबात तेल खरोखरच जास्त जाते असे दिसले, गळती नाही, पीसीव्हीही साफ आहे, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. पेट्रोल गाडीचे प्लग काढून गेज लावायचा, अर्ध्या तासाचे काम. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. आणि एक गोष्ट बऱ्याच मिस्त्रींच्याही ध्यानात येत नाही: कॉम्प्रेशन सगळीकडे चांगले असूनही गाडी तेल पिऊ शकते. दाब धरणाऱ्या रिंगा वरच्या, तुंबलेली रिंग खालची. कॉम्प्रेशन उत्तम, गळती नाही, सकाळचा भपका नाही आणि तरी तेल जाते, अशी गाडी असेल तर धुणाऱ्या तेलाला संधी देण्यासारखी आहे.

आमच्या गटातील दोन गाड्या आम्ही स्वतः पाहिल्या. एका सभासदाची २००४ सालची पेट्रोल गाडी साधारण अकराशे किलोमीटरला लिटरभर तेल खायची. दोन गॅरेजवाल्यांनी 'हाफ इंजिन' काम सांगितले होते. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचे सारखे आणि चांगले भरले. सभासदाने कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या जाडीचे, जास्त डिटर्जंट असलेले चांगले तेल घातले आणि ते दर तीन हजार किलोमीटरला फिल्टरसह बदलले. पहिल्या बदलीला काहीच फरक नाही. घरात "पैसे मातीत" अशी बोलणी झाली. दुसऱ्या बदलीला निघालेले तेल डांबरासारखे काळे होते. तिसऱ्या बदलीनंतर लिटरभर तेल जायला अडीच हजारांच्या वर किलोमीटर लागू लागले. तेल खाणे बंद झाले नाही, निम्म्याहून कमी झाले. त्यावर गाडी आजही चालते आहे.

दुसरी गाडी २००१ सालची डिझेल जीप. गेजची पट्टी उपसली की त्या भोकातून धूर मारायचा, चढाला मागे निळा पडदा. बोअर झिजलेला होता. मालकाने तरी तेच औषधपाणी केले आणि त्याला काडीचा गुण आला नाही. येणार कसा? त्या गाडीचे काम आता हंगाम संपल्यावर निघेल.

चांगले तेल चढे पडते म्हणून काहीजण जुना उपाय करतात. चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल ओतायचे, इंजिन चालू करायचे आणि सोडून द्यायचे. हे आम्ही कोणाला सांगणार नाही. डिझेलने तेलाचा पापुद्रा पातळ होतो आणि बेअरिंग कोरडी घासतात. त्याहून वाईट म्हणजे खाली साठलेला चिखल एकदम सुटतो आणि तेल ओढणाऱ्या जाळीत जाऊन बसतो. जाळी तुंबली की तेल वर चढत नाही आणि चालती गाडी वाटेत जाम होते. दुकानातील दहा मिनिटांत इंजिन धुणाऱ्या बाटल्यांचेही हेच भय. ज्या इंजिनाचे झाकण उघडल्यावर आत काळा लपका दिसतो तिथे तर त्या मुळीच घालू नयेत. घाई नको म्हणूनच तेलाकडून सावकाश धुवून घ्यायचे. पहिल्या बदलीत फिल्टर पंधराशे किलोमीटरला बदलावा आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत क्षणभर जरी लुकलुकला तरी इंजिन तिथेच बंद करावे.

जाडीविषयीही बोलले पाहिजे. पातळ तेलाच्या गाडीत २०डब्ल्यू-५० घातले की तेल जायचे थोडे कमी होते, हे खरे. पण त्याने थर निघत नाही, दुखणे झाकले जाते. ज्या जुन्या गाडीच्या पुस्तकातच ते तेल लिहिले आहे तिची गोष्ट वेगळी. 'हाय मायलेज' लिहिलेल्या तेलात बहुधा रबरी सील मऊ करणारी द्रव्ये असतात. सकाळचा भपका मारणाऱ्या गाडीला त्यांचा थोडाफार उपयोग होतो. डिझेलचे तेल पेट्रोल गाडीत घालायचे तर डब्यावर 'सी'च्या अक्षरांबरोबर 'एस'चीही अक्षरे आहेत का ते पाहावे. इथेनॉलमुळे गाड्या तेल पितात अशीही कुजबूज ऐकतो. इथेनॉलचा त्रास झालाच तर तो जुन्या गाडीच्या रबरी नळ्या-पॅकिंगला होतो आणि त्या तपासून घ्याव्यात. रिंगेच्या खाचेतील थर हा मुख्यतः करपलेल्या इंजिन तेलाचा असतो. आपला कारखानाच इथेनॉल करतो म्हणून आम्ही हे म्हणतो असे कोणाला वाटले तर वाटो.

पंधरा वर्षे झालेल्या गाडीचे रीपासिंग तोंडावर असेल तर हा सगळा हिशेब तीन-चार महिने आधी सुरू करावा. तीन बदल्यांना तेवढे किलोमीटर लागतातच.

आणि इंजिन उघडावेच लागले तर मालकाने तिथे हजर राहावे. पिस्टन बाहेर आल्यावर खालची रिंग हाताने फिरते का, मागची भोके उघडी आहेत का हे स्वतः पाहावे. बोअर मापाने मोजून तो आकडा लिहून मागावा. बोअर मापात असेल तर नुसत्या रिंगा व साफसफाईत भागते, रीबोअरचा खर्च पडत नाही. जुने पिस्टन आणि रिंगा पिशवीत घालून घरी आणाव्यात. काढलेले जुने तेल पाटात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये, डब्यात साठवून जुने तेल नेणाऱ्या परवानाधारकाला द्यावे.