जादूच्या गोष्टीतील कच्चे दुवे

मराठी पुस्तकांचा विषय निघाला की भोपाळचे नाव सहसा घेतले जात नाही, परंतु जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचे हिंदी आणि मराठी अनुवाद याच शहरातील मंजुल पब्लिशिंग हाउस या संस्थेने प्रकाशित केले आणि किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली, मंत्रतंत्रांच्या स्वतंत्र जगात घडणारी दीर्घ अद्भुत कादंबरी त्यांमुळे असंख्य मराठी घरांत पोहोचली. 1997 ते 2007 या दहा वर्षांत इंग्रजीत सात खंडांनी पूर्ण झालेल्या या मालिकेचे चाहते जितके उत्कट आहेत तितकेच ते चिकित्सकही आहेत, आणि तिच्यातील कच्चे दुवे शोधणे हा त्यांच्या प्रेमाचाच एक भाग आहे.

कच्चा दुवा म्हणजे कथेने स्वतःच घालून दिलेल्या नियमाशी, आधीच्या घटनाक्रमाशी किंवा एखाद्या पात्राच्या स्वभावाशी जी जुळत नाही आणि जिचा उलगडा कथेत कुठेही होत नाही, अशी जागा. केरसुणीवर बसून मुले उडतात हा कच्चा दुवा नव्हे, कारण तो त्या जगाचा पहिल्यापासूनचा नियम आहे. मात्र उडता येत असताना एखादे पात्र काही कारण नसताना नदीकाठी अडून राहिले, तर वाचकाला ते खटकते. हा भेद भारतीय काव्यशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त औचित्याचा, म्हणजे पात्र, प्रसंग आणि भाव यांच्या परस्पर जुळणीचा विचार करताना केवळ मानव असलेल्या राजाने समुद्र ओलांडल्याचे वर्णन रसाला मारक ठरते, असे प्रतिपादन केले. सातवाहनासारखे राजे नागलोकी गेल्याच्या कथा आहेतच, मग त्यांचे काय, हा आक्षेपही त्याने स्वतःच उपस्थित केला. त्याच्या उत्तराचा रोख असा की, राजाच्या असामान्य सामर्थ्याला हरकत नाही, हरकत आहे ती पात्राच्या प्रकृतीला न साजणाऱ्या कृतीला. पैठणच्या राजघराण्याचे उदाहरण घेऊन झालेली ही चर्चा आजच्या किशोर कादंबरीला जशीच्या तशी लागू पडते, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळातही अद्भुताचा प्रश्न आलाच होता. 'मंजुघोषा' (1868) या कादंबरीच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी आपल्या समाजाच्या रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे फारसे काही घडत नसल्याची अडचण मांडली आणि अद्भुताचा आश्रय घेतला. त्या काळच्या अद्भुत कादंबरीत योगायोगाला फारसा हिशेब द्यावा लागत नसे. शतकानंतरचा किशोर वाचक मात्र तो मागतो.

पहिल्या खंडाच्या मराठी अनुवादाचे नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' असे आहे आणि त्या एका शब्दापासूनच हिशेब सुरू होतो. परीस लोखंडाचे सोने करतो एवढेच मराठी मनाला ठाऊक असते. मरण टाळणे हे काम आपल्या परंपरेत अमृताचे आहे. युरोपीय किमयाशास्त्रातील दगडाकडे मात्र ही दोन्ही सामर्थ्ये होती, आणि खलनायक व्होल्डेमॉर्टला सोने नको असून त्या दगडापासून मिळणारा अमरत्वाचा रस हवा आहे. मूळ कथेत हे स्पष्ट सांगितलेले असल्यामुळे दुवा तुटत नाही, तरीही केवळ शीर्षकावरून अंदाज बांधणाऱ्या मराठी वाचकाला खलनायकाचा हेतू नव्याने समजून घ्यावा लागतो.

काही चुका केवळ हिशेबाच्या असतात. चौथ्या खंडात व्होल्डेमॉर्टच्या छडीतून तिने केलेल्या हत्यांच्या सावल्या उलट्या क्रमाने बाहेर पडतात; हॅरीचे वडील आधी आणि आई नंतर मारली गेली असल्यामुळे आईची सावली प्रथम यायला हवी होती, पण पहिल्या आवृत्तीत वडील आधी आले आणि पुढील आवृत्त्यांत तो क्रम सुधारण्यात आला. कालचक्राचे प्रकरण इतके सोपे नाही. तिसऱ्या खंडात हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिला जास्तीच्या तासांना बसता यावे म्हणून काळात काही तास मागे नेणारे हे उपकरण दिले जाते, आणि त्या खंडापुरती त्याची गुंफण अत्यंत नेटकी आहे. तळ्याकाठी आपल्याला वाचवणारा माणूस म्हणजे आपले वडील असे हॅरीला वाटते, प्रत्यक्षात तो हॅरीच असतो. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती देता येणारे असे साधन असताना पुढील अनर्थांच्या वेळी ते कुणालाच कसे आठवले नाही, हा प्रश्न कायम राहतो. पाचव्या खंडातील धुमश्चक्रीत ही उपकरणे फुटतात, म्हणजे लेखिकेने दार बंद केले. पण चौथ्या खंडात ते उघडेच होते.

पात्राची विश्वसनीयता आणि कथानकाचा घट्टपणा हे दोन वेगळे गुण मानले जातात, परंतु चौथ्या खंडातील मूडी या शिक्षकाकडे पाहिले तर ते एकमेकांत किती गुंतलेले असतात हे दिसते. एक तोतया वर्षभर मूडीच्या रूपात वावरतो आणि मूडीला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या मुख्याध्यापक डम्बलडोरला त्याचा पत्ता लागत नाही; ही गोष्ट पचते, कारण मूडी इतका संशयी आहे की तो फक्त स्वतःच्या बाटलीतलेच पितो, आणि त्याच सवयीआड रूप पालटणारा काढा दडलेला असतो. येथे स्वभावाने कथानकाची भेग बुजवली आहे. मात्र हॅरीला पळवायला कोणतीही मंतरलेली वस्तू पुरेशी असताना खलनायकाने हॅरी ज्यात उतरलेला असतो ती एवढी मोठी स्पर्धा संपेपर्यंत वाट का पाहिली, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही, आणि मालिकेतील सर्वांत गंभीर दोष हाच मानावा लागेल.

पाचव्या खंडातला सतत चिडणारा, मित्रांवर ओरडणारा हॅरी अनेक वाचकांना आवडत नाही. त्याने थोड्याच दिवसांपूर्वी एका सोबत्याला डोळ्यांदेखत मरताना पाहिले आहे, हे ध्यानात घेतले तर तो शांत राहिला असता तरच पात्र खोटे ठरले असते.

मराठीत आल्यावर हा विचार आणखी अवघड होतो, कारण इंग्रजी क्रियापद जे झाकून ठेवते ते मराठी क्रियापद उघड करते. स्नेप हा शिक्षक कोणत्या पक्षाचा, हे रहस्य सातव्या खंडापर्यंत टिकते. परंतु निवेदकाने 'स्नेप म्हणाला' लिहायचे की 'स्नेप म्हणाले', हे अनुवादकाला पहिल्याच खंडात ठरवावे लागते, आणि त्यातून निवेदकाचे मत सूचित होऊ शकते. हॅरी त्याचा नुसत्या नावाने उल्लेख करतो आणि डम्बलडोर त्याला वारंवार 'प्रोफेसर' म्हणायची आठवण करून देतो, ही सारी गंमत मराठीत आदरार्थी अनेकवचनाच्या आधाराने उभी करावी लागते. नावांच्या बाबतीतही अनुवादात रहस्य असेच अडचणीत येते. सहाव्या खंडातील एका चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याची फक्त तीन आद्याक्षरे आहेत, त्यांतील शेवटचे ब्लॅक या आडनावाचे. डच आणि नॉर्वेजियन अनुवादांत त्या आडनावाचेही भाषांतर झालेले होते, त्यामुळे तेथे ते अक्षर बदलले आणि सातवा खंड येण्यापूर्वीच जाणत्या वाचकांना चिठ्ठी लिहिणारा सापडला. देवनागरीत मात्र 'आर. ए. बी.' आणि 'ब्लॅक' यांचा संबंध लावायला वाचकाला इंग्रजी मुळाक्षरांचा आधार घ्यावा लागतो.