फडताळांतील अन्नपूर्णा

सायंकाळीं "आज काय करावें?" ही चिंता बहुधा फडताळ रिकामें असल्यामुळेंच उद्भवते. आमच्या मतें थालिपिठाची भाजणी, मेतकूट, बेसन व आमसुलें या चार वस्तू घरांत सदैव सिद्ध असाव्या. बेसन असल्यास १५ मिनिटांत पिठलें होतें. आमसुलांचें सार जोडीस पुरतें. मऊ भातावर मेतकूट व तूप घातलें कीं आजाऱ्याचेंहि भागतें. धान्यें व डाळी भाजल्यानें त्यांतील ओलावा जातो, म्हणून भाजणी व मेतकूट टिकतें. मात्र ओला चमचा लागल्यास बुरशी धरते. यास्तव दोन महिने पुरेल इतकेंच दळावें. दिवसभर राबलेल्या गृहिणीस रात्रीं सर्वांसमवेत स्वस्थपणें जेवतां यावें, हेंच या संग्रहाचें खरें फळ होय. तेव्हां निवडण्या-भाजण्याचे श्रम पुरुषांनींहि वांटून घ्यावे.