परदेशी लेक, अंथरुणावर आई

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या वरवंडसारख्या गावातही आमची मुले आता परदेशाचा विचार करू लागली आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. कोणी आखातात वेल्डर, ड्रायव्हर म्हणून जाऊ पाहतो. ही समाधानाची बाब आहे. पण घरी आई डायलिसिसवर असेल, वडिलांना कर्करोग झाला असेल, तर मुलाने जावे की थांबावे? आम्ही म्हणतो, जरूर जावे. मात्र मागे सेवा कोण करणार, हे ठरवून जावे.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले, ते एप्रिल १९२३ मध्ये परतले. तिकडे ते अर्धपोटी राहून वाचनालयात बसत, रात्रीच्या भुकेला पापडाचा आधार घेत. इकडे परळच्या चाळीत माता रमाई यशवंत आणि दिवंगत दिरांचे कुटुंब सांभाळत तुटपुंज्या पैशांत दिवस काढत होत्या. रमाईंची पाचपैकी चार अपत्ये बालपणीच गेली. त्यांचीही प्रकृती खालावत गेली आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले.

रमाईंच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण तो त्याग पुढे करून घरातल्या सुनेवर सारा भार टाकणे, हा काही रमाईंचा सन्मान नव्हे. मुलगा परदेशी गेला म्हणून त्याचा सत्कार होतो. सासूचे अंथरूण-पांघरूण धुणारी, शेतमजुरीचा खाडा करून तिला दवाखान्यात नेणारी सून मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला अंघोळ घालून खाटेवर निजवले. मग त्यांनी भिक्खूंना समज दिली की, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. तेव्हा शुश्रूषा हे एकट्या बाईचे काम नव्हे, ते साऱ्या संघाचे काम आहे.

आता व्यवहाराचे बोलू. आजाऱ्याचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, रेशनकार्ड, आधारकार्ड एका पिशवीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. खर्च करण्याआधी त्याला भेटा. घर-जमिनीच्या कामासाठी मुखत्यारपत्र लागणार असेल तर ते निघण्यापूर्वीच करा. तिकडे गेल्यावर भारतीय वकिलातीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पैसे पाठवायचे ते जी व्यक्ती सेवा करते तिच्या स्वतःच्या खात्यावर पाठवा. औषधासाठी तिला चार जणांपुढे हात पसरायला लागू नये.

नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी तातडीची रजा आणि परतीचे तिकीट याबद्दल काय लिहिले आहे, ते वाचा किंवा जाणकाराकडून वाचून घ्या. घरच्यांनीही आजार लपवू नये. ‘सगळं बरं आहे’ असे रोज सांगून शेवटच्या दिवशी बोलावणे, हे त्या मुलावर अन्याय करणारे आहे. मुलानेही आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी फोन करावा. आधी सेवा करणाऱ्याची विचारपूस करावी, मग आजाऱ्याची. आणि स्वतःच्या जेवणाची आबाळ करून पैसे साठवू नयेत. तो आजारी पडला तर इकडचे औषधही बंद होईल.

आमचे विहार समितीला आणि महिला मंडळाला एक सांगणे आहे. पौर्णिमेला वंदनेसाठी जमतो, तेव्हा गावात कोणाच्या घरी आजारी माणूस आहे आणि त्याचे जवळचे माणूस दूर आहे, याची चौकशी करा. दौंडला किंवा पुण्याला ससूनमध्ये त्याच्यासोबत जाण्याच्या पाळ्या लावा. एका सुनेला महिन्यातून दोन दिवस विसावा मिळाला, तरी ती धम्माचीच सेवा होय.

जयभीम!