विद्यापीठातील फसवे ईमेल : समज आणि वस्तुस्थिती

विश्वासातील व्यक्तीचे किंवा संस्थेचे सोंग घेऊन ईमेलद्वारे पासवर्ड, बँकेचा तपशील वा पैसे काढून घेण्याच्या प्रकाराला ‘फिशिंग’ म्हणतात, आणि त्याविषयीचा सर्वांत खोलवर रुजलेला समज असा की, त्याला बळी पडतात ती संगणकाशी फारसा परिचय नसलेली माणसे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘मबना इन्स्टिट्यूट’ या इराणी कंपनीशी संबंधित नऊ जणांवर जे आरोप ठेवले, त्यांतून वेगळेच चित्र दिसते. आरोपपत्रानुसार जगभरातील एक लाखाहून अधिक प्राध्यापकांची खाती लक्ष्य करण्यात आली, त्यांपैकी सुमारे आठ हजार खाती हल्लेखोरांच्या हाती पडली, आणि अमेरिकेतील १४४ व अन्य २१ देशांतील १७६ विद्यापीठे या मोहिमेच्या कक्षेत आली. ईमेल दुसऱ्या विद्यापीठातील प्राध्यापकाच्या नावे येई, त्यात अलीकडच्या शोधनिबंधाबद्दल आस्था व्यक्त केलेली असे आणि सोबत आणखी काही लेखांच्या लिंक दिलेल्या असत. त्या उघडल्या की स्वतःच्याच विद्यापीठाच्या लॉगिन पानाची हुबेहूब नक्कल समोर येई, आणि आपण खात्यातून चुकून लॉगआउट झालो असू अशा समजुतीने प्राध्यापक तेथे पुन्हा पासवर्ड भरत. अनोळखी अभ्यासकाचे पत्र उघडून वाचणे हा विद्वत्तेच्या व्यवसायाचाच भाग असल्याने, येथे त्या व्यवसायातील मोकळेपणाच हल्लेखोरांच्या कामी आला.

प्रेषकाचे नाव ओळखीचे असेल तर ईमेल खरा, हा समजही तितकाच ठिसूळ आहे. ईमेल पोचवण्याच्या ज्या नियमावलीचा पाया १९८२ मध्ये घातला गेला, तिच्यात प्रेषकाची ओळख पडताळण्याची सोयच नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच तो प्रकार होता. प्रेषकाचा पत्ता तपासणाऱ्या यंत्रणा पुढे आल्या, परंतु एखाद्या सहकाऱ्याचे खातेच चोराच्या ताब्यात गेले असेल तर ईमेल खऱ्याच पत्त्यावरून येतो आणि त्या यंत्रणा तो सुखेनैव पुढे पाठवतात.

ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसले की पान खरे, असाही एक समज आहे; प्रत्यक्षात त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की वाचक आणि संकेतस्थळ यांच्यातील देवाणघेवाण वाटेत कोणाला वाचता येत नाही; ते संकेतस्थळ कोणाचे आहे, याची ग्वाही ते चिन्ह देत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्य आणि काही मिनिटांत मिळते, म्हणून फसव्या पानांवरही ते कुलूप दिसते. या चिन्हाविषयीचा गैरसमज इतका पसरला की २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने ते काढून टाकले. पाहायचा तो पत्ता, आणि तोही शेवटाकडून: प्रारंभीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगतचा डावीकडचा भाग निर्णायक असतो. भारतात ‘एसी डॉट इन’ हा शेवट केवळ शैक्षणिक संस्थांना मिळतो. विद्यापीठाचे नाव आरंभी असून शेवट भलताच असेल, तर ते पान विद्यापीठाचे मानू नये. अशुद्ध भाषेवरून लबाडी ओळखता येते, ही जुनी खूण तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी जवळजवळ निकालात काढली आहे.

लिंक किंवा जोडलेली फाइल नसलेला ईमेल निरुपद्रवी असतो, असे मानणाऱ्यांनी कॅनडातील एडमंटन शहराच्या मॅकइवान विद्यापीठाचे उदाहरण लक्षात घ्यावे. २०१७ मध्ये बांधकाम कंत्राटदाराच्या नावे आलेल्या ईमेलमधून बँक खाते बदलल्याचे कळवण्यात आले, कर्मचाऱ्यांनी ती नोंद केली आणि सुमारे १ कोटी १८ लाख कॅनेडियन डॉलर ठगांच्या खात्यात जमा झाले; खऱ्या कंत्राटदाराने थकलेल्या बिलाची विचारणा केली तेव्हा हा प्रकार उघड झाला. यात कोणाचे यंत्र बिघडवावे लागले नाही. खाते बदलण्यापूर्वी कंत्राटदाराच्या आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करण्याची सक्ती असती, तर ही रक्कम वाचली असती, आणि म्हणून दोष एकट्या कर्मचाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीमुळे खाते पूर्ण सुरक्षित होते, हा समजही तपासून घ्यावा लागतो. ओटीपीमुळे धोका बराच कमी होतो, यात शंका नाही. मात्र बनावट पान तो अंकसंच मागून त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरू शकते. संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशीच जोडलेली ‘सिक्युरिटी की’, म्हणजे संगणकाला लावायचे छोटे उपकरण, अशा पानाला दाद देत नाही.

राहिला सर्वांत घातक समज: एकदा क्लिक झाले की काही करता येत नाही, तेव्हा गप्प बसावे. मॅकइवानची बहुतेक रक्कम पुढे परत मिळाली, कारण ती ज्या खात्यांत गेली होती त्यांचा माग काढून ती गोठवता आली. पासवर्ड दिला गेला असेल, तर विद्यापीठाचा पत्ता स्वतः टाइप करून तो बदलावा, सर्व उपकरणांवरून खाते लॉगआउट करावे, येणारे ईमेल परस्पर अन्यत्र पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का ते पाहावे आणि संगणक विभागाला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे तोच ईमेल ज्यांना गेला आहे त्या इतरांनाही सावध करता येते. पैसे गेले असतील तर भारतात १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती अडवणे शक्य असते.