चहाचा सुवास आणि चहाचा कस

चहा ही आता केवळ पाहुण्यासाठी राखून ठेवण्याची चीज राहिलेली नाही. पहाटे धारा काढून आलेला शेतकरी, विट्याच्या यंत्रमागावर रात्रपाळी करून परतणारा कामगार, मधल्या सुट्टीत टेकलेले गुरुजी आणि बाई, सगळ्यांना तो हवाच असतो. पण अलीकडे या चहाची सोंगे फार झाली आहेत. मोठ्या दुकानाच्या फळीवर नजर टाका. आंब्याचा चहा, स्ट्रॉबेरीचा चहा, लिंबाचा, डाळिंबाचा, चॉकलेटचा, व्हॅनिलाचा. कुठे केशर-पिस्त्याचा, तर कुठे गुलकंदाचा. पुडा उघडला की मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखे वाटते. दरही साध्या चहाहून चढा असतो. मग मनात प्रश्न येतो, आपण पैसे मोजतो ते कशाचे? चहाचे, फळाचे, की नुसत्या वासाचे? हे ओळखायला मोठा जाणकारच लागतो असे नाही. नाक, जीभ, घड्याळ आणि थोडा धीर, एवढे भांडवल पुरते. ते कसे वापरायचे, हे आज पाहू.

प्रथम चहा म्हणजे काय ते बघा. काळा, हिरवा, पांढरा असे चहाचे प्रकार ऐकू येतात, पण ते सारे एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. तोडलेल्या पानांवर हवेची क्रिया किती होऊ दिली, यावर चहाचा रंग आणि गुण ठरतो. आपण रोज उकळतो तो दाणेदार चहा पाने चिरडून, फाडून आणि वळवून केलेला असतो. त्याला सीटीसी म्हणतात. ही रीत आसामात १९३० च्या सुमारास निघाली. हा चहा लवकर रंग देतो, दूध पेलतो, म्हणून आपल्याकडे तो रुळला.

आता दुकानातल्या सुगंधी पुड्यांचे तीन प्रकार पाडता येतात. पहिला, चहाच्या पानांवर सुवासाचा अर्क फवारलेला. दुसरा, चहात फळांच्या सुकवलेल्या फोडी, साल किंवा वेलदोडा-आल्यासारखा मसाला मिसळलेला. आणि तिसरा, ज्यात चहाचे पानच नाही असा. नुसती वाळलेली फळे, फुले किंवा गवत. आपला परसातला गवती चहा या तिसऱ्या जातीचा. तो गुणाने कमी आहे असे मुळीच नाही, पण तो चहा नव्हे. अन्नपदार्थांच्या कायद्यातही चहा म्हणजे वर सांगितलेल्या झुडपाची पाने, कळ्या आणि कोवळे देठ, अशीच व्याख्या आहे. तेव्हा पुडा घेताना चित्र पाहू नका, बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. आधी कशाचे नाव आहे? फळ खरोखर आहे, की फक्त सुवासद्रव्य आहे? चहात सुगंध घातला असेल तर पुड्यावर तसे छापावेच लागते.

चहाला सुवास देण्याची विद्या जुनी आहे. चीनमध्ये मोगऱ्याच्या जातीची ताजी फुले चहाच्या पानांत रात्रभर ठेवतात, सकाळी ती काढून टाकतात आणि उंची मालासाठी पुन्हा पुन्हा ताजी फुले घालतात. वाळलेले चहाचे पान भोवतालचा वास चटकन ओढून घेते, त्याचा हा उपयोग. (म्हणूनच चहाचा डबा हिंगाच्या किंवा रॉकेलच्या शेजारी ठेवू नये.) आजच्या बहुतेक सुगंधी चहात मात्र तयार अर्क असतो. व्हॅनिलाच्या शेंगेतला मुख्य सुवास, व्हॅनिलिन, जर्मनीत १८७४ साली प्रयोगशाळेत बनवला गेला, आणि तेव्हापासून शेंगेवाचून शेंगेचा वास मिळू लागला. अर्क कारखान्यात झाला म्हणून तो अपायकारक ठरत नाही. परवानगी असलेला आणि योग्य प्रमाणात असला म्हणजे झाले. गोम निराळीच आहे. दाट वासाच्या पांघरुणाखाली हलका, शिळा चहा सहज लपवता येतो. पारख करायची ती या पांघरुणाखाली काय आहे याची.

त्यासाठी नाकाचे काम कोणते आणि जिभेचे कोणते, हे वेगळे करता आले पाहिजे. आपल्याकडे सहा रस सांगितले आहेत: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. यांत आंबा कुठे आहे? वेलदोडा कुठे आहे? नाहीत. कारण ते रस नव्हेत, ते वास आहेत. घास तोंडात असताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि आपण म्हणतो, "काय चव आहे!" खात्री करायची तर वेलदोडा घातलेला रव्याचा लाडू घ्या. नाक घट्ट धरून घास चावा. लाडू गोड लागेल, रवाळ लागेल, पण वेलदोडा सापडणार नाही. मग नाक सोडा. एका क्षणात वेलदोडा हजर होतो. वर्गात हा प्रयोग केला तर मुले जन्मभर विसरणार नाहीत.

चहाचेही तसेच. जिभेला कळतो तो कडवटपणा, आंबटपणा आणि विशेषतः तुरटपणा. चहातली तुरट द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरतात, म्हणून तोंड आवळल्यासारखे होते. चांगल्या चहाचा तुरटपणा तोंड स्वच्छ करतो आणि लगेच सरतो. वाईट चहाचा जिभेवर राठ बसून राहतो. पांघरुणाखालचा चहा ओळखायची ही पहिली खूण. सुवास नाक धरून बाजूला सारता येतो. तुरटपणा तसा लपत नाही.

मिठाईच्या वासाचे चहे आणखी एक फसवणूक करतात. व्हॅनिला, कॅरमेल, चॉकलेट यांचा वास आपण लहानपणापासून गोडाबरोबरच घेतलेला असतो. त्यामुळे तो वास आला की गोडी नसली तरी मन ती धरून चालते. नाक वचन देते आणि जिभेला ते मिळत नाही. मग हात साखरेच्या डब्याकडे जातो. एक चमचा, मग दुसरा. साखर कमी करायची म्हणून आणलेल्या चहात अशी साखर वाढू लागली, तर तो चहा आपल्या कामाचा नाही.

आता प्रत्यक्ष पारख. या बाबतीत विट्याच्या माणसाला फार सांगायला नको. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली गलाई मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेली आहेत. आता कस पाहायला यंत्रे आली, पण कसोटीच्या दगडाची जुनी रीत आठवा. दागिन्याची रेघ दगडावर ओढली, एवढ्याने कस कळत नाही. तिच्याशेजारी, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याची रेघ ओढावी लागते. मग तेजाब लावून दोन्ही रेघा ताडून पाहायच्या. चहाचेही हेच सूत्र आहे: एकटा कप काही सांगत नाही. शेजारी ओळखीच्या चहाचा कप ठेवा, म्हणजे अनोळखी चहा बोलू लागतो.

तेव्हा तीन कप मांडा. एकात सुगंधी चहा. दुसऱ्यात त्याच जातीचा साधा चहा. काळ्यापुढे काळा, हिरव्यापुढे हिरवा. तिसऱ्यात साधाच चहा, पण खऱ्या पदार्थासह. लिंबाचा चहा पारखायचा असेल तर त्यात लिंबाचे चार थेंब पिळा. वेलदोड्याचा असेल तर ताजा वेलदोडा ठेचून घाला. तिन्हींचे प्रमाण एकच हवे. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, ताजे खळखळून उकळलेले पाणी, वर झाकण आणि बरोबर ६ मिनिटे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने चवपरीक्षेसाठी १९८० साली जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात हेच प्रमाण आहे. असा चहा प्यायला थोडा कडक लागतो, पण हेतू रुचीचा नसून दोष दिसावेत हा आहे. दूध नको, साखर नको. पाणी तिन्हींना एकाच भांड्यातले घ्या. बोअरचे पाणी जड असेल तर चहावर साय धरल्यासारखा पातळ थर येतो आणि रंग मळकट होतो. तो दोष पाण्याचा आहे, चहाच्या माथी मारू नका.

चहा करण्याआधी कोरडी पूड हुंगा. सुगंधी चहा इथे नेहमीच पहिला नंबर पटकावतो, म्हणून या परीक्षेला फार गुण देऊ नका. चहा गाळल्यावर चोथा हुंगा. ही खरी परीक्षा. हलके सुवास वाफेबरोबर उडून जातात आणि भिजलेल्या पानाचा मूळ वास वर येतो. तो ताजा, खमंग असेल तर माल चांगला. कुबट, करपट किंवा जुन्या पोत्यासारखा असेल तर समजा, सुवास कशासाठी फवारला होता ते. मग चहाचा भुरका मारा. हो, आवाज करून! चहाचे धंदेवाईक पारखीही असाच भुरका मारतात, कारण त्याने चहा तोंडभर पसरतो आणि वास नाकापर्यंत पोचतो. घरी मुलांना त्याबद्दल रागावत असाल तर त्या दिवसापुरती सूट द्या. शेवटी कप कोमट होऊ द्या आणि पुन्हा चाखा. गरमपणात झाकलेले दोष गार होताना उघडे पडतात.

चाखले ते शब्दांत सांगण्याची सवय ठेवा. "बरा आहे" किंवा "भारी आहे" याने काही कळत नाही. आपल्या स्वयंपाकघरात शब्दांची वाण नाही: खमंग, उग्र, पाणचट, मचूळ, करपट, खवट, आंबूस, राठ. पिस्ते-बदामाचे तुकडे असलेला चहा जुना झाला की तुकड्यांतले तेल खवट होते. चॉकलेटचे तुकडे असतील तर कपावर तेलाचे थेंब तरंगतात आणि जीभ ओशट होते. फळांच्या चहाचा लालभडक रंग आणि आंबटपणा पुष्कळदा लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. म्हणजे चित्र स्ट्रॉबेरीचे, रंग अंबाडीचा आणि वास अर्काचा! अंबाडी वाईट नाही, पण स्ट्रॉबेरीचा भाव तिला का द्यायचा?

फळांच्या चहात दूध घालताना जपावे. आंबटपणामुळे दूध फाटते, आणि गरम दूध अधिक लवकर फाटते. गुळाच्या चहाचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. गूळ घालून चहा उकळून घ्यावा, खाली उतरवावा आणि मग तापवलेले दूध घालावे. गूळ आणि दूध एकत्र उकळत ठेवू नयेत.

भेसळीची एक सोपी परीक्षाही सांगून ठेवतो. पांढऱ्या गाळण कागदावर थोडी चहापूड पसरा आणि पाणी शिंपडून कागद भिजवा. पुडीला वरून डांबरी रंग दिला असेल तर कागदावर लगेच डाग पडतात. कागद नळाखाली धुऊन उजेडापुढे धरा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. पुडीतून लोहचुंबक फिरवले की लोखंडाचा कीसही सापडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हे दोन्ही सहज होते.

शिक्षकांसाठी आणखी एक. सुगंधी चहा खरोखर वेगळा लागतो का, हे मतांवर सोडू नका. तीन सारखे कप घ्या. दोहोंत एक चहा, तिसऱ्यात दुसरा. चाखणाऱ्याने डोळे मिटून वेगळा कप ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचे उत्तर बरोबर येणारच. म्हणून दहा जणांत तिघा-चौघांनी ओळखले तर त्यात विशेष नाही. सात किंवा अधिक जणांनी ओळखले तर मात्र फरक खरा धरावा, कारण निव्वळ अंदाजाने असे शंभरात जेमतेम दोनदा घडते. गणिताचा आणि विज्ञानाचा तास एकदमच होतो.

हे सारे ग्राहकापुरतेच नाही. आपल्या बचत गटांतल्या भगिनी गवती चहा, आले, वेलदोडा घालून चहाचे मिश्रण करून विकू शकतात. गवती चहाच्या पातीत सिट्रल नावाचे द्रव्य भरपूर असते. लिंबाच्या वासातही तेच असते, म्हणून लिंबाच्या वासासाठी विकत अर्क आणायची गरज नाही. आटपाडीचे डाळिंब आणि तासगावचा बेदाणा तर हाताशीच आहे. मात्र अन्न सुरक्षा नोंदणी करावी, पाती आणि फळे कडकडीत वाळवावीत, नाहीतर बुरशी धरते. आणि पुड्यावर जे आहे तेच लिहावे. हलका चहा वासाखाली दडपून विकला तर पहिला पुडा खपेल, दुसरा खपणार नाही. गिऱ्हाईक कदाचित कारण सांगणार नाही, पण त्याच्या जिभेने निकाल दिलेला असेल.

तेव्हा नवा सुवासिक चहा हाती आला की क्रम लक्षात ठेवा. आधी यादी वाचा, मग शेजारी साधा कप ठेवा, चोथा हुंगा, नाक धरून एक घोट आणि नाक सोडून एक घोट घ्या, शेवटी गार करून चाखा. एवढ्यानंतरही तो आवडला तर खुशाल घ्या. आवडीला बंदी नाही. आपण कशाचे पैसे दिले, एवढे मात्र आपल्याला ठाऊक असावे.