गावाची शीव सरकते, तेव्हा शेवटच्या घराला कोण विचारते?

परभणी शहरातून वसमत, गंगाखेड, जिंतूर किंवा पाथरी, कोणत्याही रस्त्याने बाहेर पडावे, तर शेतात चुना मारलेले दगड आणि प्लॉटविक्रीचे फलक दिसतात. काल जिथे ज्वारी होती तिथे आज लेआऊट पडला आहे. जमीन गावाची, घरे शहरातल्या नोकरदारांची, अशी स्थिती झाली की वाद उभा राहतोच. या वसाहतीला पाणी कोणी द्यायचे? घरपट्टी कोणी घ्यायची? ही माणसे मतदान कुठे करणार? गाव शहरात जाणार की गाव म्हणूनच राहणार?

या वादात दोन आवाज मोठे असतात. जुने गावकरी म्हणतात, बाहेरचे लोक येऊन आमची ग्रामपंचायत ताब्यात घेतील, आणि शहरात गेलो तर कर वाढेल. नव्या वसाहतीतले लोक म्हणतात, आम्ही कर भरतो, पण ना रस्ता, ना नाली, ना दिवा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र गाव आणि लेआऊट यांच्या मधोमध आपली जी वस्ती आहे, तिचा आवाज या वादात ऐकूच येत नाही. तो का ऐकू यावा, हेच आम्हाला येथे सांगायचे आहे.

वाचकहो, यातली विसंगती पाहा. पूर्वी दोन गावांत शिवेचा तंटा लागला की शीव दाखवायला महारालाच पुढे बोलावत. कोणता दगड कोणत्या गावाचा, कोणता ओढा कुठून कुठे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसे आणि त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. ज्याच्या साक्षीवर गावाची हद्द ठरे, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर! आज ते बलुते गेले आणि ते जोखड गेले हे उत्तमच झाले. पण हद्द ठरवताना आपल्याला विचारण्याची रीतही त्याबरोबर गेली. आता हद्द नकाशावर ठरते आणि नकाशा कचेरीत असतो.

गावाच्या कारभारात दुबळ्याला जागा राखून ठेवल्याशिवाय गावाच्या हाती सत्ता देण्यात काय धोका आहे, हे बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना सांगितले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडतानाही त्यांनी गाव हा घटक नाकारला आणि व्यक्ती हा घटक मानला. पुढे १९९३ साली त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या अमलात आल्या, ग्रामपंचायतींना व नगरपालिकांना घटनेचा आधार मिळाला आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागाही घटनेतच आल्या. ही राखीव जागा कोणत्या प्रभागात पडेल, हे मात्र प्रभागाच्या रेषेवर ठरते. म्हणून रेषेचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न आहे.

हद्दी सरकणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९८१ साली परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. १ नोव्हेंबर २०११ रोजी परभणी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या वर होती. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचे धोरण आले, तेव्हा पालमचीही ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. प्रत्येक वेळी फलक बदलले, कचेऱ्या बदलल्या. आपल्या माणसाला कुठल्या दारात जायचे ते मात्र दोन-दोन वर्षे कळले नाही.

राज्यात इतरत्र काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ठाणे जिल्ह्यातली सत्तावीस गावे १९८३ साली कल्याणच्या महानगरपालिकेत घेतली, २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. २०२० साली त्यातली अठरा गावे वगळण्याचा निर्णय झाला. कायद्याने सांगितलेली सल्लामसलत नीट झाली नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय त्याच वर्षी डिसेंबरात रद्द केला. तिकडे कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ साली झाली आणि हद्दवाढीला गावांचा विरोध इतका की दशकामागून दशके गेली तरी शहराची हद्द होती तिथेच राहिली. आपल्या मराठवाड्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शेजारच्या सातारा-देवळाईची २०१४ साली नगरपरिषद झाली आणि २०१५ साली ती महानगरपालिकेत विलीनही झाली. या उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येते. हद्द ही देवाने आखलेली नसते. ती बदलते, परतही फिरते आणि योग्य वेळी बोलणाऱ्याचे ऐकावेही लागते.

आता आपल्या वस्तीचे यात काय पणाला लागते, ते घरातल्या भाषेत सांगतो. गाव शहरात गेले की घरकुलाचे दार बदलते. रमाई आवास योजना ग्रामीण भागात वेगळी आणि शहरी भागात वेगळी. नियम वेगळे, रक्कम वेगळी, कचेरी वेगळी. ज्याचा अर्ज पंचायत समितीत पडून आहे, त्याने तो पुढे कोणाकडे मागायचा? वस्ती सुधारण्याचा निधीसुद्धा गावात जिल्हा परिषदेकडून येतो, शहरात नगरपालिकेकडून. ग्रामीण रोजगार हमीचे काम तर ग्रामीण भागापुरतेच. शहरात गेल्याने नळ, दवाखाना, पक्का रस्ता मिळण्याची आशा असते, हेही खरे आहे. म्हणून हद्दवाढ चांगली की वाईट, असा एकच निकाल आम्ही देत नाही. काय मिळणार आणि काय जाणार, याचा हिशेब आधी मांडून घ्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

गाव गावच राहिले तरी लेआऊटने प्रश्न निर्माण होतात. राखीव जागा जनगणनेच्या आकड्यावर ठरतात, पण मतदारयादी दरवर्षी वाढते. ज्या प्रभागात आपली शंभर मते निर्णायक होती, तिथे नवी तीनशे मते आली की उमेदवार आपल्या दाराशी यायचे थांबतात. प्रभागाची रेषा वस्तीच्या मधून गेली तर निम्मी घरे इकडे, निम्मी तिकडे, आणि दोन्हीकडे आपण थोडेच.

दुसरा प्रश्न वाटेचा. लेआऊटला कुंपण पडते आणि स्मशानभूमीची, ओढ्याची, विहाराची पायवाट बंद होते. प्रेत घेऊन निघालेल्या माणसांना तारेपाशी थांबावे लागणे ही साधी गैरसोय नव्हे, तो अपमान आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, हे विसरू नये. जातीच्या कारणाने स्मशानाची वाट अडवणे हा अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट नोंदलेला गुन्हा आहे.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न गायरानाचा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्या लढ्याच्या बळावर पुढे राज्य शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढला आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट खुली केली. शेजारी लेआऊट पडला की त्याच गायरानाला भाव येतो आणि तिथल्या झोपड्या एकाएकी सर्वांच्या डोळ्यांत खुपू लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले, हे सर्व जण सांगतात. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनी त्यातून अपवाद होऊ शकतात, असेही त्याच निकालात आहे. ते मात्र कोणी सांगत नाही.

आपल्यातलेच अनेक जण आता प्लॉट घेतात, हेही बोलले पाहिजे. नोकरीला लागलेला मुलगा आईबापासाठी गुंठा-दोन गुंठे जागा घेतो, यात आम्हाला आनंदच आहे. पण केवळ बाँडपेपरवर पैसे देऊ नका. जमीन अकृषिक झाली आहे का, लेआऊट मंजूर आहे का, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हे पाहा. एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती नकाशावर कुठे आहे ते विचारा, कारण पुढे तीच जागा कोणाच्या तरी घशात जाते. गुंठेवारीची घरे नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला आणि २०२१ साली त्याची मुदत २०२० च्या अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. पण पुढच्या मुदतवाढीच्या भरवशावर आयुष्याची कमाई घालू नये.

मग करायचे काय? हद्दीचा किंवा प्रभागाचा मसुदा निघतो, तेव्हा हरकतीची मुदत त्यातच लिहिलेली असते. मुदतीत हरकत लेखी द्यावी, एकेकट्याने न देता वस्तीच्या सह्यांनी द्यावी आणि पोच घ्यावी. मसुद्यासोबतचा नकाशा मागून विहारात लावावा. शिकलेल्या मुलामुलींनी तो वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा. जनगणना येते तेव्हा वस्ती कोणत्या हद्दीत मोजली जाते, तेही विचारावे.

माता-भगिनींना आमची विशेष विनंती आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. पाण्याचा प्रश्न जिच्या डोक्यावर आहे तिनेच तिथे बोलले पाहिजे. घराच्या आठ-अ उताऱ्यावर पतीबरोबर आपले नाव लावून घ्या. आठ-अ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवा. त्यामुळे वीजबिल, घरपट्टीच्या पावत्या, जुनी मतदार ओळखपत्रे, मुलांचे शाळेचे दाखले, पंचनाम्याची नोटीस, जे जे त्या जागेवरच्या वास्तव्याचे असेल ते एका पिशवीत एकत्र ठेवा. वास्तव्य किती सालापासूनचे, यावरच पुढे घर राहते की जाते हे ठरते.

नव्या वसाहतीतल्या माणसांशी आपले वैर नाही. त्यांनाही पाणी हवे, आपल्यालाही हवे. जिथे मागणी एक आहे तिथे अर्ज एकत्र द्यावा. जिथे आपली वाट, आपले स्मशान, आपले गायरान आड येते तिथे मात्र नम्रपणे, पण ठामपणे आपला नकाशा पुढे ठेवावा. येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक वस्तीने एक संध्याकाळ काढावी, घरे मोजावीत, वाटा लिहाव्यात आणि त्या कागदावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. हद्दीचा मसुदा येईल तेव्हा हा कागद हाताशी तयार असेल.